बाही ओढली की हसायचं

ताई सात वर्षांची असताना एका परक्या माणसाच्या मागोमाग चालत गेली आणि हरवली. हरवली असं आम्ही म्हणतो. तिचं म्हणणं आजही असं की ती हरवलीच नव्हती, बाबा हरवले होते.

मी तेव्हा दोन वर्षांची, आईच्या कडेवर, त्यामुळे हे सगळं मला ऐकूनच माहीत. बाबांना नवे बूट घ्यायला आम्ही चौघं दुकानात गेलो होतो. बाबांनी काळे बूट पसंत केले, तिथेच पायात चढवले आणि जुने तपकिरी बूट खोक्यात घालून खोकं काखेत मारलं. ताई दाराशी खाली बघत उभी होती. तेवढ्यात दारासमोरून तपकिरी बूट गेले. नाडीचे, चवड्यावर सुरकुत्या पडलेले, टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजलेले. ती त्यांच्या मागे निघाली. दोन गल्ल्या ओलांडल्या, पूल ओलांडला, आणि बूट एका सलूनमध्ये शिरले. बुटांचा मालक खुर्चीत बसला, ताई शेजारच्या बाकावर.

केस कापणाऱ्याने विचारलं, "मुलगी तुमची का?"

"छे, मला मुलगीच नाही," गिऱ्हाईक म्हणालं.

"आहे," ताई म्हणाली. "मी आहे."

कात्री हवेतच राहिली म्हणे. दीड तासाने बाबा धापा टाकत तिथे पोचले आणि त्यांनी तिला उचललं, तर काळे बूट घातलेला कोणी माणूस आपल्याला पळवतोय असं वाटून तिने असा काही टाहो फोडला की रस्त्यावरची माणसं गोळा झाली. "अगं, मी आहे मी!" बाबा ओरडले. आवाज ऐकला आणि ती एकदम गप्प झाली.

"स्वतःच्या बापाला ओळखत नाहीस?" बाबांनी घरी आल्यावर विचारलं. ती त्यांच्या पायांकडे बघत राहिली. बाबांना वाटलं, शरमली. आईला वाटलं, हट्टी आहे. चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत, ती आम्हा सगळ्यांना पायांवरून आणि आवाजावरून ओळखते, हे कळायला आम्हाला पुढची बावीस वर्षं लागली. कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण असं काही विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार?

शाळेत तिचे हाल झाले. एकदा बाईंनी तिला दम भरला, "उद्या गृहपाठ केल्याशिवाय वर्गात पाऊल तर ठेवून बघ!" दुसऱ्या दिवशी ताईने दारातून एक पाऊल आत ठेवलं आणि ती बघत उभी राहिली. सगळा वर्ग खो-खो हसला. बाईंना वाटलं, पोरगी टोमणा मारतेय. ताईला कळेना की काय बघायचं होतं. घरी येऊन तिने मला विचारलं. मी पहिलीत होते. मला कळलं होतं, पण समजावून सांगता येईना. ज्या गोष्टी आपल्याला न शिकवता कळतात त्या दुसऱ्याला कशा शिकवायच्या?

तरी मी शिकवायला घेतलं. माझ्या अंगी पहिल्यापासून मास्तरकी. मी सहा वर्षांची, ती अकरा. माझ्या लक्षात आलं होतं की कुणी विनोद केला की सगळे हसतात, ताई मात्र तोंडाकडे बघत राहते, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर कधीतरी "हं" म्हणते. मग लोक तिला हसतात. म्हणून मी एक नियम काढला. मी शेजारी बसणार. एकदा बाही ओढली की हसायचं, दोनदा ओढली की बोलणं थांबवायचं. किती हसायचं, हा प्रश्न तिने लगेच विचारला. मी म्हटलं, मनात तीन मोजेपर्यंत.

नियम झकास चालला. पाहुणे म्हणायला लागले, मोठीला आता समज आली. आईचा जीव भांड्यात पडला. त्या चार वर्षांतला कुठलाही फोटो काढून बघा, ताई हसतेय आणि मी तिच्या डाव्या हाताला चिकटून बसलेय. मला फार अभिमान वाटायचा. आज तेच फोटो बघवत नाहीत, आणि का बघवत नाहीत तेही मला नीट सांगता येत नाही.

मग आजोबा गेले. ताई पंधरा वर्षांची होती. दुपारी घरात भेटायला आलेली माणसं दाटीवाटीने बसली होती. काका शेवटचा तास कसा गेला ते सांगत होते. आजोबांनी पाणी मागितलं, काका पाणी आणायला उठले, आणि परत येईपर्यंत... मी ताईशेजारी खाली बसले होते. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पाय बदलायला म्हणून मी आधाराला हात टाकला आणि माझ्या मुठीत तिची बाही आली.

ताई हसली. एक, दोन, तीन. आणि थांबली.

मग आत्या उठली. "हिच्यावर जीव होता माझ्या बापाचा," ती म्हणाली, "आणि ही हसते?" आईने ताईला दंडाला धरून आत नेलं. दार लागलं. माझ्या मुठीत अजून बाहीची ऊब होती आणि मी गप्प बसले. एक शब्द बोलले असते तर भागलं असतं. "मी ओढली," बस, एवढंच. दहा वर्षांची होते, पण एवढं कळण्याइतकी मोठी होते.

ताईनेही काही सांगितलं नाही. तिला सगळ्यांनी "का हसलीस?" असं विचारलं, आणि ती म्हणाली, "हसायचं होतं म्हणून." तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. आत्याने पुढे कित्येक वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं.

त्या दिवसानंतर मी बाही ओढणं सोडलं. का सोडलं ते तिला सांगितलं नाही. ती मात्र कितीतरी महिने माणसांत बसताना डावा हात माझ्या बाजूला करून बसायची.

शिक्षण संपल्यावर तिने तीन नोकऱ्या केल्या. खरं म्हणजे नोकऱ्यांनीच तिला सोडलं. पहिली एका कचेरीत, दाराजवळच्या टेबलावर. साहेब सांगून गेले, "कोणी आलं तर बसवून ठेव." पार्सल घेऊन एक माणूस आला. ताईने त्याला बसवलं. तो उठला की ती दारात आडवी. तीन तास त्या बिचाऱ्याला तिने हलू दिलं नाही. दुसरी नोकरी कपड्यांच्या दुकानात होती, तिथे ती जेमतेम आठवडाभर टिकली. तिसरी औषधांच्या गोदामात, खोकी भरायची. काम तिला आवडलं, एक खोकं चुकलं नाही. पण डोक्यावरची ट्यूबलाइट गुणगुणायची, शेजारी रेडिओ, मागे गाड्यांचे हॉर्न. अकराव्या दिवशी ती कानांवर हात दाबून टेबलाखाली जाऊन बसली. लोकांना वाटलं चक्कर आली. त्यांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, त्यामुळे ती किंचाळली, आणि किंचाळली म्हणून तिला घरी पाठवलं.

घरी आली की ती कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरून बसायची. तेवीस वर्षांची धडधाकट बाई. डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला, टॉनिक दिलं. आई माझ्याजवळ कुजबुजायची, "हिचं काय करायचं गं?" मला काय ठाऊक? ती आळशी नव्हती, वेडी नव्हती, मंद तर मुळीच नव्हती. ती काय नव्हती याची यादी आमच्याकडे लांबलचक होती.

त्याच वर्षी आई जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं, जुळलं, पण डावा पाय थोडा आखूड झाला. तिला इस्पितळाच्या मागच्या गल्लीतल्या एका कारखान्याचा पत्ता मिळाला. अधू, वाकड्या, आखूड पायांसाठी तिथे मापाचे बूट बनवत. कारखाना म्हणजे एकच लांबोडकी खोली. एका भिंतीवर खिळ्यांना टांगलेले लाकडी फर्मे, म्हणजे लाकडात कोरलेली माणसांची पावलं, प्रत्येकाखाली नंबर. चामड्याचा आणि सोल चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. मशीनवर वरचं चामडं शिवणारी एक मावशी, आणि जाड चष्म्याचे, साठीतले मास्तर.

ताई सोबतीला गेली होती. मास्तरांनी आईला नवा बूट घातला आणि चालायला सांगितलं. "कसं वाटतंय?"

"छान," आई म्हणाली.

"छान नाही," ताई म्हणाली.

आईने तिला हळूच चिमटा काढला. घरात आम्ही तिला हेच तर शिकवत आलो होतो, की दिसेल ते बोलू नये.

मास्तरांनी मान वर केली. "का नाही?"

"आई उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेवर भार देतेय. डावा सोल जास्त जाड झालाय. महिन्याभरात उजवी टाच झिजेल."

मास्तरांनी आईला पुन्हा चालवलं. मग गुडघे टेकून, गाल जवळजवळ जमिनीला लावून पाहिलं. "कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. दिसतंय की."

त्यांनी कोपऱ्यातला दुरुस्तीच्या बुटांचा ढीग तिच्यापुढे लोटला. "या जोडाचा माणूस काय करतो?"

ताईने बूट उलटा केला. "उभ्याने काम. ओल्यात. डावीकडे वळून काहीतरी ठेवतो."

"हॉटेलात भांडी घासतो. आणि हा?"

"ही बाई भित्री आहे. छोटी पावलं टाकते."

"भित्री नाही. तिचा गुडघा वाकत नाही."

"मग चुकलं."

"चुकलं," मास्तर म्हणाले. "उद्या नऊला ये."

"नऊला की नऊच्या सुमाराला?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारला नसावा. "नऊला," ते म्हणाले.

मास्तरांचं निम्मं बोलणं म्हणींत आणि निम्मं खुणांत. "जरा हात चालव," म्हटलं की ताई हातातलं काम थांबवून हाताकडे बघायची. "म्हणजे लवकर कर," मास्तर सांगायचे. दोनेक महिन्यांत ते आपलं बोलणं आपणच सुधारायला लागले. "हे जरा नजरेखालून घाल... म्हणजे तपास. शिवण तपास." मावशीला त्याची भारी गंमत वाटायची. ती म्हणायची, तीस वर्षं यांचं बोलणं मला अंदाजाने समजून घ्यावं लागलं, आता कुठे अर्थासकट ऐकायला मिळतंय.

मावशीने तिचं नाव पाडलं 'फूटपट्टी'. शाळेत ताईला पुष्कळ नावं पडली होती, त्यातलं एकही चांगलं नव्हतं. त्यामुळे ती आठवडाभर गोंधळात होती. शेवटी तिने मावशीला सरळ विचारलं, "फूटपट्टी हे चिडवायला आहे की लाडाने?"

मावशीने मशीन थांबवलं. "लाडाने गं. तू सरळ आहेस आणि माप चुकत नाहीस."

"मग मी हाक आल्यावर हसायचं का?"

"हसू नकोस. ओ दे, म्हणजे झालं."

तिसऱ्या वर्षी ड्रायव्हरकाकांचं प्रकरण झालं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, मधुमेहाचे जुने पेशंट, पायाला स्पर्श अर्धवटच कळायचा. मास्तर बाहेर गेले होते. काका नवे बूट घालून चालले. ताईने विचारलं, "लागतो का कुठे?" काका म्हणाले, "छे छे, मस्त आहे!" ताईने वहीत लिहिलं, मस्त. तीन आठवड्यांनी काका परत आले तेव्हा करंगळीला जखम झाली होती, आणि ती चिघळून अखेर बोट काढावं लागलं.

मास्तर ताईवर ओरडले नाहीत. ते स्टुलावर बसून म्हणाले, "अगं, काका पाय आत वळवून टाकत असणार. तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"ते म्हणाले मस्त आहे. लोक म्हणतात ते धरायचं, मला दिसतं ते बोलायचं नाही."

"कुणी सांगितलं असं?"

"सगळ्यांनी," ताई म्हणाली.

हे तिने मला त्याच संध्याकाळी जेवताना सांगितलं, भाजी वाढून घेताना, अगदी सहज. सगळ्यांनी म्हणजे आम्हीच की.

मास्तरांनी तिला सांगितलं, "घरचं घरी. इथे दिसेल ते बोलायचं. माणूस नाही म्हणाला तरी बोलायचं." ताईने ते नियम म्हणून घेतलं, आणि आपल्या पद्धतीने आणखी पुढे नेलं. "कसं वाटतंय" हा प्रश्नच तिने बंद करून टाकला. त्याला कुणी खरं उत्तर देत नाही, मग विचारायचा कशाला, हे तिला कळेना. त्याऐवजी तिने एक कागद तयार केला. मोजे काढा. दहा पावलं जा, दहा या. बुटात माझा हात घालू द्या. काल किती जिने चढलात? असे अकरा मुद्दे. मास्तरांनी तो कागद भिंतीला डकवला. महिन्याभरात ते स्वतः त्याच क्रमाने विचारायला लागले.

ड्रायव्हरकाका बरे होऊन आले, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात."

मावशीने जीभ चावली. काकांनी पायाची पट्टी चाचपली. "घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "दुखतंय म्हटलं तर पुन्हा इस्पितळ. म्हटलं, नकोच."

"ते कागदावर नव्हतं," ताई म्हणाली, आणि बारावा मुद्दा लिहिला. कशाची भीती वाटते का?

ताईला आता बरं चाललंय असं आम्हाला वाटायला लागलं. तिलाही वाटत असावं. आणि तेवढ्यात ती मुलगी आली.

आठ वर्षांची, चवड्यांवर चालणारी, टाच जमिनीला लागू न देणारी. मास्तर मापाला बसले की ती पाय ओढून घ्यायची. ताई तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसली, चेहऱ्याकडे न बघता. टेप जमिनीवर ठेवून म्हणाली, "मी आधी डावा मोजणार. चार वेळा हात लागेल. थंड असेल." मुलीने डावा पाय पुढे केला.

मुलीची आई थक्क होऊन सांगायला लागली. मुलीला ऑटिझम आहे, कुणाला हात लावू देत नाही. आवाजाचा त्रास होतो, बोललेलं शब्दशः घेते, चेहरे ओळखताना घोटाळा होतो, दमली की अडगळीच्या जागी जाऊन बसते. ताईच्या हातात टेप तसाच राहिला. ती म्हणाली, "हे सगळं तर माझं आहे."

त्या मुलीला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे मी ताईबरोबर गेले. तीन बैठका झाल्या. आईबाबांनाही बोलावून लहानपणचं विचारलं. बाबांनी सलूनची गोष्ट सांगितली, नेहमीसारखी हसत हसत, आणि अर्ध्यावर त्यांचं हसू विरलं. "म्हणजे ती खरंच मला..." ते म्हणाले. अहवाल आला तेव्हा ताई एकोणतीस वर्षांची होती. आईने पहिला प्रश्न विचारला, "माझं काय चुकलं?" डॉक्टरीणबाईंनी परोपरीने सांगितलं की कुणाचं काही चुकलेलं नाही, ती जन्मापासून अशीच आहे. आईने मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला पुन्हा तेच विचारलं.

अहवालात ऑटिझमला मराठी शब्द होता 'स्वमग्नता'. ताईला तो अजिबात पटला नाही. "मी कुठे स्वतःत मग्न आहे? मी लोकांकडे इतकं लक्ष देते की डोकं दुखतं."

मला वाटलं होतं, नाव मिळालं, आता सुटली. झालं उलटंच. तिने कारखान्यातून रजा घेतली आणि ती घरात एकेक गोष्ट उचलून तपासायला बसली. मला चहा आवडतो की तुम्ही पिता म्हणून मी पिते? मी "कसे आहात" विचारते ते मला जाणून घ्यायचं असतं म्हणून, की विचारतात म्हणून? तिने हसणं बंद केलं. दारात आलेल्या शेजाऱ्यांशी चार शब्द बोलायची, तेही बंद. आई हवालदिल झाली. "अहवाल आल्यापासून ही जास्तच करायला लागलीय."

"जास्त नाही," ताई म्हणाली. "मी कमी करतेय."

त्याच दिवसांत एका सकाळी मी तिच्याशेजारी बसले आणि बोलून टाकलं. आजोबा गेले त्या दिवशी बाही मी ओढली होती. चुकून. आणि मी गप्प बसले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तू ओढलीस, मी हसले."

"तू सांगितलं का नाहीस?"

"बाही कुणी ओढली असं कुणी विचारलंच नाही."

मी रडायला लागले. मला वाटलं ती रागावेल, किंवा माफ तरी करेल. ती दोन्हीपैकी काहीच करेना. माझ्या रडण्याकडे ती बुटाची शिवण बघावी तशी लक्ष देऊन बघत होती. मग तिने विचारलं, "मला खरंच कशाचं हसू येतं, तुला माहीत आहे का?"

मी आठवून पाहिलं. चार वर्षं मी तिला हसवत होते, पण ती आपणहून कधी हसली ते मला एकदाही आठवेना.

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "आता शोधावं लागेल."

तीन आठवड्यांनी ती कामावर परतली. तिने मास्तरांना अहवाल वाचायला दिला. मास्तरांनी चष्मा पुसून सगळी पानं वाचली, मावशीला मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, "यातलं आम्ही काय करायचं?" आजपर्यंत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी तीनच गोष्टी सांगितल्या. ट्यूबलाइट बदला. मशीन सुरू करताना आधी सांगा. मी बोलले नाही तर रागावले असं समजू नका. मावशी म्हणाली, "एवढंच? मला वाटलं, काही तरी अवघड असेल." तेव्हापासून ती पायडलवर पाय ठेवण्याआधी "फूटपट्टी, चालू करते गं" म्हणते. कधी ताई खोलीत नसते तरी म्हणते.

हसू सापडलं ते पावसाळ्यानंतर. मावशीने घाईत एका गिऱ्हाइकाच्या खोक्यात दोन्ही डावे बूट भरून दिले. तो भला माणूस दोन दिवस ते घालून हिंडला आणि येऊन म्हणाला, "बूट छान आहेत, फक्त मी सारखा रस्त्याच्या एका कडेला जातोय." ताई आधी बुटांकडे बघत राहिली. मग तिच्या पोटातून काही तरी वर आलं. ती हसत सुटली, टेबलाला धरून, उचकी लागेपर्यंत. हसू थांबवायचं कसं तेच तिला कळेना. घाबरून तिने मास्तरांना विचारलं, "हे किती वेळ चालतं?" मास्तर म्हणाले, "चालेल तेवढं चालू दे." हे मला मावशीने सांगितलं. मी तिथे नव्हते, याचं मला वाईटही वाटतं आणि बरंही.

आता ती चौतीस वर्षांची आहे. मास्तरांचे हात थरथरतात, म्हणून मापं सगळी तीच घेते. लांबून लांबून लोक मुलांना घेऊन येतात. ती त्यांच्याशी गोड बोलत नाही, हवापाण्याचं विचारत नाही. किती वेळा हात लागेल ते आधी सांगते, आणि तेवढ्याच वेळा लावते. आत्याही येऊन गेली मागच्या वर्षी, टाच दुखत होती म्हणून. ताईने तिला सगळे बारा मुद्दे विचारले. बाराव्याला आत्या थोडी थबकली आणि "नाही" म्हणाली. ताईने "नाही" लिहिलं. ते खरं होतं का, दोघींत काही मिटलं का, मला कळलं नाही. बूट मात्र आत्याला चांगले बसले.

गेल्या वर्षीच ती कारखान्याजवळ दोन खोल्या घेऊन एकटी राहायला लागली. आईने जंग जंग पछाडलं. एकटी कशी राहशील, पडलीस-झडलीस तर? ताई म्हणाली, "घरी मला चौघांचा आवाज येतो. इथे एकीचाच येतो." ती आमच्यावर रुसून गेली का, हे आई अजून मला विचारते. आईला येऊ नको असं तिने सांगितलेलं नाही. उलट तिने वेळ लावून दिली आहे. रविवारी साडेतीन ते पाच.

परवाच्या रविवारी मी आणि आई गेलो. खोल्या लखलखीत होत्या. आईसाठी एक उंच खुर्ची खिडकीजवळ होती, तिला उठताना गुडघ्याला त्रास होतो म्हणून. ती ताईने कधी आणली, आम्हाला ठाऊक नव्हतं. चहा झाला. ताईने नव्या चामड्याबद्दल वीस मिनिटं सांगितलं, आईने सगळं ऐकून घेतलं. मग मी माझ्या ऑफिसचं रडगाणं सुरू केलं, ते ऐन रंगात आलं होतं. ताई उठली आणि तिने दार उघडून धरलं.

आम्ही पर्स, पिशव्या गोळा करून बाहेर आलो. दार लागलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर आई थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "काय गं, काही लागलं का तिला आपलं? रागावली का?"

मी घड्याळाकडे पाहिलं.

"नाही गं," मी म्हटलं. "पाच वाजले."